थोडे खाणारा वाढपी

२०२४ च्या दिवाळीपासून आमच्या घरात एक वाढपी आहे. चोवीस तास उभा असतो. सुट्टी मागत नाही, उचल मागत नाही, पंगत उठली तरी घरी जात नाही. आणि खातो किती? महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिट वीज! देवघरातला नऊ वॅटचा बल्ब रात्रंदिवस चालू ठेवला, तर तोही ह्याच्यापेक्षा जास्त खाईल.

हा वाढपी म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढा एक कॉम्प्युटर. बाहेरच्या खोलीत राऊटरच्या शेजारी बसलेला असतो. घरातल्या चौघांच्या फोनमधले फोटो, मुलांच्या गुणपत्रिका, घराचे कागद आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाच्या पाच ओव्या तो सांभाळतो. ज्याने मागितले त्याच्या फोनवर आणून वाढतो. जाणकार ह्याला 'सर्व्हर' म्हणतात. सर्व्ह करणे म्हणजे वाढणेच ना? मग मी आपली वाढपीच म्हणते.

मैत्रिणींनो, मी काही कॉम्प्युटर शिकलेली बाई नव्हे. बी. ए. झाले ते मराठी घेऊन. आमच्या नायगावात (नांदेडचे हे नायगाव, सावित्रीबाई फुले जन्मल्या ते सातारा जिल्ह्यातले, ते वेगळे) तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. उरलेला वेळ घर, मुले, वाळवणे आणि ह्यांच्या दुकानाचे हिशेब. तरीही हे मला जमले, आणि वीज न जाळता जमले. कसे, तेच सांगायला बसले आहे.

पाच उरल्या, नऊ गेल्या

सुरुवात दुःखाची आहे. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, जात्यावरच्या ओव्या फार सुरेख म्हणत. जाते केव्हाच परसात पडले होते, दळण गिरणीवरून यायचे. पण पहाटे जाग आली की अंथरुणातच त्यांचा आवाज सुरू व्हायचा. २०१९ च्या हिवाळ्यात मी फोन उशाशी ठेवून चौदा वेळा तो आवाज धरला. त्या म्हणायच्या, "आगं, हे काय धरून ठेवायलीस? इतकं का सोनं हाय?" २०२१ मध्ये त्या गेल्या.

मे २०२३ मध्ये माझा फोन पाण्याच्या हौदात पडला. तांदळात ठेवला, उन्हात ठेवला, नांदेडला नेऊन दाखवला. आतला बोर्डच गेला होता. फोटोंची मला चिंता नव्हती, कारण ते गूगलवर जातात हे ठाऊक होते. पण नव्या फोनवर शोधायला बसले तर फोटो आहेत आणि ओव्या नाहीत! तेव्हा कळले की गूगल फोटोजमध्ये फोटो आणि व्हिडिओ जातात. नुसत्या आवाजाची मुद्रणे फोनमध्येच राहतात. चार वर्षे मी समजत होते की सगळे वर जाऊन बसले आहे.

पाच ओव्या वाचल्या त्या देगलूरच्या नणंदबाईंमुळे. आईचा आवाज ऐकायचा म्हणून त्यांनी कधीतरी पाच मागून घेतल्या होत्या, त्या त्यांच्या फोनमध्ये होत्या. बाकीच्या नऊ कुणी मागितल्या नाहीत, म्हणून उरल्या नाहीत. जी वस्तू एकाच ठिकाणी असते ती असून नसल्यासारखीच, हे मी त्या दिवशी शिकले.

जुना कॉम्प्युटर आणि नवे बिल

नणंदबाईंचा मुलगा हैदराबादला नोकरीला आहे. तो म्हणाला, "मामी, घरातच एक सर्व्हर ठेवा. सगळ्यांच्या फोनमधलं आपोआप त्यात उतरत जाईल."

मला पटले. गूगलवरची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. आता प्रत्येक खात्याला १५ जीबी फुकट मिळते, आणि त्यातच फोटो, मेल, सगळे. आमच्या घरी 'जागा भरली' असा निरोप रोज कुणाच्या ना कुणाच्या फोनवर येतच होता. पैसे भरून जागा घेता येते, त्यात वाईट काही नाही. पण ते भाडे दर महिन्याचे. माळ्यावर जागा असताना ट्रंक दुसऱ्याच्या घरी भाड्याने का ठेवायची, असे मनात आले.

ह्यांच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. तो पुसून घेतला. भाच्याने सुट्टीत येऊन त्यात सगळी मांडामांड करून दिली. महिनाभर मी खुशीत होते.

मग वीजबिल आले. एरवी आमचे नव्वदच्या आसपास युनिट पडतात. ह्या वेळी १४४! ह्यांनी बिल माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "फुकटातलं फुकटात म्हणत होतीस ना?"

आपल्याकडच्या घरगुती बिलाची गोम ठाऊक आहेच. पहिल्या शंभर युनिटांना एक दर, आणि १०१ ते ३०० ला त्याहून चढा. आम्ही शंभराच्या आत राहणारी माणसे. त्या कॉम्प्युटरने आम्हाला उंबरठा ओलांडायला लावला, आणि वरचे युनिट सगळे महाग पडले.

मीटरचा दिवा मोजा

कॉम्प्युटर बंद करून टाकायला हे तयारच होते. पण मी म्हटले, आधी कोण किती खातो ते पाहू. त्यासाठी कुठलेही उपकरण विकत घ्यावे लागत नाही. तुमच्या घराच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. जवळच एक आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० आहे. अर्थ असा, की दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट वीज खर्च झाली. तुमच्याकडे आकडा वेगळा असू शकतो, तो वाचून घ्या.

रविवारी दुपारी घरातले सगळे बंद केले. फ्रीजसुद्धा. फक्त तो कॉम्प्युटर चालू. मुलगी घड्याळ धरून बसली, मी दिवा मोजत उभी. दहा मिनिटांत दिवा चाळीस वेळा लुकलुकला. आता हिशेब पाहा. दहा मिनिटांत ४०, म्हणजे तासाला २४०. भागिले ३२००, म्हणजे तासाला ०.०७५ युनिट. हजाराने गुणले की ७५ वॅट. महिन्याचे तास ७२०, तेव्हा महिन्याला ५४ युनिट. नव्वद अधिक चोपन्न, एकशे चव्वेचाळीस. बिल खोटे नव्हते!

जुना छताचा पंखा साधारण पंचाहत्तर वॅटच खातो. म्हणजे मी महिनाभर एका रिकाम्या खोलीत पंखा लावून ठेवला होता म्हणायचा. एरवी कुणी खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद केला नाही तर घर डोक्यावर घेणारी मी!

ह्यातच खरी मेख आहे. आमच्या वाढप्याला काम असते दिवसाचे पंधरा-वीस मिनिटे; संध्याकाळी सगळ्यांचे फोन घरी आले की फोटो उतरवून घ्यायचे, कुणी काही मागितले तर द्यायचे. बाकीचा सगळा वेळ तो नुसता उभा. तेव्हा अशा यंत्राची ताकद किती, हे विचारण्याआधी नुसते उभे राहून ते किती खाते, हे विचारायचे. पंगतीतल्या वाढप्याला पैलवान कशाला हवा?

पैलवान गेला, पोरगेला आला

भाच्याकडे एक जुना लॅपटॉप होता. कळफलकाची चार बटणे गेलेली, म्हणून त्याने टाकून दिलेला. लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा असतो, त्यामुळे त्याची घडणच काटकसरीची. पडदा बंद ठेवून मोजले: दहा मिनिटांत आठ लुकलुक. म्हणजे १५ वॅट, महिन्याला अकरा युनिटांच्या आत. चोपन्नावरून अकरावर! आम्ही पुन्हा जवळपास शंभरावर आलो. शिवाय वीज गेली तरी त्याची स्वतःची बॅटरी असते, म्हणजे इन्व्हर्टर पोटातच.

दिवाळीला मी तासिकेच्या मानधनातून ती लहान पाटी घेतली. तिचे नाव रास्पबेरी पाय. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एका धर्मादाय संस्थेने मुलांना कॉम्प्युटर शिकता यावा म्हणून ती तयार केली, आणि २९ फेब्रुवारी २०१२ ला ती पहिल्यांदा विक्रीला आली. तिच्यातली चिप आपल्या मोबाईलमधल्या चिपच्याच घराण्यातली आहे. हे घराणे १९८५ मध्ये केंब्रिजलाच जन्मले, आणि त्याची मूळ रचना करणाऱ्या दोघांपैकी एक सोफी विल्सन ही बाई आहे, हे वाचून मला फार बरे वाटले. ह्या चिपची ख्यातीच कमी खाण्याची.

पुन्हा मीटरपाशी उभी राहिले. दहा मिनिटांत मोजण्यासारखे काही दिसेना, म्हणून अर्धा तास मोजले. अर्ध्या तासात आठ! म्हणजे पाच वॅट. महिन्याला ३.६ युनिट.

आणखी एक गंमत सांगते. दिवा मोजायची सवय लागली तेव्हा टीव्हीचा सेट-टॉप बॉक्सही मोजला. रिमोटने बंद केलेला असताना तो दहा मिनिटांत पाच वेळा दिवा लुकलुकवीत होता, म्हणजे नऊ वॅटच्या वर खात होता, आणि आम्हाला पत्ताच नव्हता. आता टीव्ही पाहून झाला की भिंतीवरचे बटण बंद करायचे, असा नियम केला आहे. दिवसाचे एकोणीस तास तो बंद राहतो. त्यातून महिन्याला पाच युनिट वाचतात. वाढपी खातो त्याहून जास्त! तेव्हा बिलात त्याचा जेवणखर्च शून्यच म्हणायचा. ह्यांना हा हिशेब दाखवला तेव्हा ते नुसते "हं" म्हणाले. आमच्या घरात "हं" म्हणजे शाबासकी.

मांडायचे कसे

तुम्हालाही करायचे असेल, तर माझा सल्ला असा की नवी पाटी आणायला धावू नका. घरात किंवा नात्यात जुना लॅपटॉप असेल तर त्यानेच सुरुवात करा. वस्तू कपाटात पडून आहे तिचा उपयोग होणे, ही पहिली बचत. फक्त त्याची बॅटरी फुगलेली नाही ना, ते नीट पाहा. फुगली असेल तर ती जाणकाराकडून काढूनच घ्या. फुगलेली बॅटरी चोवीस तास चार्जिंगला लावणे म्हणजे घरात आग पाळणे.

आतली प्रणाली फुकट मिळते. आम्ही डेबियन नावाची घातली. जगभरातली माणसे स्वयंसेवेने ती सांभाळतात. १९९३ मध्ये इयन मर्डॉक ह्या विद्यार्थ्याने ती सुरू केली आणि आपल्या मैत्रिणीचे डेब्रा हे नाव स्वतःच्या नावाला जोडून 'डेबियन' केले. फोनमधले फोटो घरच्या यंत्रात उतरवायला सिंकथिंग नावाची मोफत सोय वापरतो. फोन घरच्या वायफायवर आला की ती आपले काम करते. मुद्रणांचा कप्पा तिला मी आवर्जून नेमून दिला, हे सांगायला नकोच. मात्र एक सांभाळा: फोनवरून पुसलेला फोटो यंत्रातूनही पुसला जाऊ नये, असे तिच्यात ठरवून द्यावे लागते. हे सुरुवातीलाच करून घ्या.

ही मांडामांड पहिल्यांदा कॉम्प्युटर येणाऱ्या कुणाकडून तरी करून घ्यावी. भाचा, पुतण्या, शेजारची इंजिनिअरिंगची मुलगी, कुणीही. पण करून घेताना वही घेऊन शेजारी बसा आणि एकेक पायरी लिहून काढा. मी लोणच्याच्या प्रमाणाच्या वहीतच शेवटची चार पाने त्यासाठी ठेवली आहेत.

साठवणासाठी एसएसडी नावाची डिस्क घ्या. तिच्यात फिरणारी तबकडी नसते, त्यामुळे ती वीज कमी खाते, आवाज करत नाही आणि धक्क्याला फारशी भीत नाही.

ठेवायची जागा हवेशीर हवी. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. बंद कपाटात, फ्रीजच्या डोक्यावर, खिडकीतल्या उन्हात ठेवू नका. ही पाटी आतून ऐंशी अंशांवर गेली की स्वतःच काम मंद करते. वरून क्रोशाचे रुमाल घालायचा मोह आवरा! मी घातला होता.

आणि हे यंत्र घरापुरतेच ठेवा. बाहेरच्या जगातून त्यात शिरता येईल अशी दारे उघडायला कुणी सांगितले तर पुरते कळल्याखेरीज उघडू नका. राऊटरचा मूळ पासवर्ड बदला. दाराला कडी असते तशी ही कडी.

वीज गेली तेव्हा

पाटी आणल्यावर महिन्याभरातच एका दुपारी वीज तीनदा गेली आणि तीनदा आली. तिसऱ्या वेळी वाढपी उठलाच नाही. त्याची प्रणाली मी एका लहान मेमरी कार्डावर ठेवली होती. कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली, की ते बिघडू शकते. तसेच झाले.

माझ्या पोटात खड्डा पडला. पण ह्या वेळी एक शहाणपण केलेले होते. जुना लॅपटॉप मी नणंदबाईंकडे देगलूरला पाठवला होता. दर रविवारी त्या तासभर तो चालू करतात, आणि आठवड्याभरात इकडे जमलेले तिकडे उतरते. पंधरा वॅटचे यंत्र महिन्यातून चार-पाच तास, म्हणजे वीज जवळजवळ काहीच नाही. पाचही ओव्या देगलूरला सुखरूप होत्या. मी फोनवर विचारले तर नणंदबाई म्हणाल्या, "आई हायेत की माझ्याकडं. तू रड कशाला?"

त्यानंतर प्रणालीही एसएसडीवर घेतली आणि राऊटरसाठी मिळतो तसला लहान यूपीएस आणला. पाच व्होल्टचे तोंड असलेला पाहून घ्यावा लागतो. आता वीज गेली तरी वाढपी डगमगत नाही.

इंटरनेट नसतानाही

ह्याच यंत्रात किविक्स नावाची सोय टाकली आहे. तिच्यातून आख्खा मराठी विकिपीडिया घरात उतरवून ठेवता येतो. १ मे २००३ ला सुरू झालेल्या ह्या ज्ञानकोशात आज लाखाच्या आसपास लेख आहेत. एकदा उतरवला की इंटरनेट लागत नाही. संध्याकाळी माझ्याकडे आठवी-नववीच्या चार मुली अभ्यासाला येतात. नेट गेले तरी घरच्या वायफायवर त्यांचे वाचन चालू राहते. लेखात चूक सापडली तर वहीत टिपून ठेवायची, हा त्यांचा आवडता उद्योग.

मी हे सगळे जगाची वीज वाचवायला केले, असा आव आणत नाही. २०२४ मध्ये जगातल्या मोठमोठ्या डेटा सेंटरांनी मिळून सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. जगाच्या एकूण विजेच्या साधारण दीड टक्का. भारतात अशी केंद्रे सर्वांत जास्त मुंबई-नवी मुंबईत आहेत. त्यापुढे माझे साडेतीन युनिट म्हणजे काहीच नव्हे. पण 'वर कुठेतरी साठते' असे आपण म्हणतो, ते वर नसून जमिनीवर असते आणि वीज खाते, एवढे तरी मला कळू लागले.

एक लाख ओव्या

ह्या खटाटोपात मला एका मोठ्या कामाची ओळख झाली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉईटवाँ ह्यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक! १९९० च्या दशकात त्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवल्या जाऊ लागल्या, आणि बर्नार्ड बेल ह्या संगीत-अभ्यासकाने कित्येक बायकांचे आवाज मुद्रित केले. त्यांत आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आहेत. पॉईटवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये गेल्या. पण आवाज राहिले. २०१७ पासून 'पारी' ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहाने ते लोकांपुढे आणले.

गंगूबाईंचा आवाज मी स्वयंपाक करता करता ऐकला. आत्याबाईंसारखाच, थोडा चिरका आणि मधेच दम घेणारा. "इतकं का सोनं हाय?" ह्या आत्याबाईंच्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा मला मिळाले. ते त्यांना सांगायला उशीर झाला.

परवा जेवायला बसताना हे मुलीला म्हणाले, "ती तिसरी लाव गं." तिने फोनवर मागितली, वाढप्याने वाढली. मधेच आमच्या कुकरची शिट्टी ऐकू येते, आणि आत्याबाई गाणे थांबवून म्हणतात, "आगं, गॅस बारीक कर की!" ह्यांचा हात ताटातच थांबला. मुलगी हसली.

तुमच्या घरी अशी म्हणणारी, सांगणारी कुणी असेल, तर आधी तिचा आवाज धरा, आणि त्याच दिवशी आणखी एका घरी पाठवून ठेवा. यंत्र पुढच्या महिन्यात आणले तरी चालेल.